चाल कॉर्डचं बोट सोडत नाहीये

पत्र आलंय ते आधी थोडक्यात देते:

"ताई, गिटार हातात घेऊन दीड वर्ष झालं, क्लास वगैरे नाही, व्हिडिओ बघून बघून शिकलो. मागच्या महिन्यात पहिलं स्वतःचं गाणं केलं. कॉर्ड सी, जी, ए मायनर, एफ, मुखड्याला तेच आणि अंतऱ्यालाही तेच, प्रत्येक कॉर्ड चार मात्रा. बँडमधल्या मित्राला ऐकवलं तर दुसऱ्या ओळीलाच हसायला लागला, म्हणे हे तर जगातलं प्रत्येक गाणं आहे, चोरलंयस तू. मला एवढं लागलं की मी हट्टाने त्यात अकरा कॉर्ड कोंबले, डिमिनिश्ड, ऑगमेंटेड, मध्येच एक ई मेजर, आता ते माझं मलाच गाता येत नाही. त्यात एफ अजून नीट वाजत नाही, बोट दुखतं आणि दोन तारा बंद पडतात. ही खरंच चोरी आहे का? वेगळी प्रोग्रेशन, म्हणजे कॉर्डची ओळ, कुठून आणू? थिअरी शिकल्याशिवाय जमणारच नाही का? मुखड्याची चाल लिहून देतो, सी म्हणजे सा धरून: सा सा ग सा, प प नी प, ध ध सा ध, म म ध म. – चार कॉर्डात अडकलेला"

अरे अडकलेल्या,

आधी त्या हसण्याचं बघू. तुझा मित्र अर्धा बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे कुठला अर्धा ते त्याला स्वतःलाही माहीत नाहीये. त्यावर येतेच मी, पण चोरी हा शब्द आधी डोक्यातून काढून टाक, त्याचं ओझं घेऊन गिटार वाजत नाही.

हे चार कॉर्ड येतात कुठून ते बघ म्हणजे निम्मी भीती जाईल. पेटीवरची पांढरी एक घे, म्हणजे सी हा सा, आणि मग सा रे ग म प ध नी, सगळे शुद्ध. आता कुठल्याही सुरावर उभा राहा आणि एक सोडून एक असे तीन सूर उचल, एकत्र वाजवले की तो कॉर्ड. सा ग प उचललेस, झाला सी. रे म ध म्हणजे डी मायनर, ग प नी ई मायनर, म ध सा एफ, प नी रे जी, ध सा ग ए मायनर, आणि शेवटचा नी रे म, तो बी डिमिनिश्ड, जरा तिरपागडा, पॉपवाले त्याला सहसा बोलवत नाहीत. संपलं. तीन मेजर, तीन मायनर, एक तिरपागडा. थिअरी थिअरी म्हणून ज्याला घाबरतोयस त्याचा निम्मा भाग तू आत्ता एका परिच्छेदात वाचलास, तेही उभ्या उभ्या.

म्हणजे हातात राहिले सहा कॉर्ड. त्यातून चार वेगवेगळे घेऊन ओळीने मांडायचे म्हटलं तर सगळ्या मिळून ३६० मांडण्या होतात, त्यातल्या बऱ्याच अशा की दोनदा वाजवल्या तर कान म्हणतो आता पुरे. जगभरातले गाणं करणारे इतकी वर्षं याच डब्यातून उचलतायत, मग तुझी उचल कोणाशी तरी जुळली यात नवल काय.

आणि तू उचललेले चार असे-तसे नाहीत. सी, एफ, जी हे तीनच घे आणि त्यातले सूर मोज: सा ग प, म ध सा, प नी रे. सातही सूर आले की नाही? म्हणजे शुद्ध सुरांतली कुठलीही साधी चाल या तिघांच्या अंगावर बसवता येते, म्हणूनच "तीन कॉर्ड आले की गाणी वाजवता येतात" असं जो तो म्हणत असतो, आणि ते खरंच आहे. चौथा ए मायनर, ध सा ग. त्यातले सा आणि ग तर सीमध्येही आहेत, फक्त प गेला आणि ध आला. गिटारवर तुला हे बोटांनाच कळलं असणार, ए मायनरवरून सीवर जाताना पहिली दोन बोटं जागची हलतच नाहीत, अनामिका तेवढी तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या खणात, जाते. एका बोटाचा फरक, पण मूड बघ कसा फिरतो.

आता क्रम बघ. सी म्हणजे घर. तिथून जीवर गेलास, जीमध्ये नी आहे आणि नीला सावर जायची भयंकर घाई असते, अर्ध्या पायरीवर तर आहे सा. त्या जीमध्ये आणखी म घालून जी सेव्हन केलास तर दोन्हीकडून ओढ लागते, नी वर साकडे आणि म खाली गकडे. तर कान काय समजतो, की आता सी येणार, घरी चाललो आपण. आणि तू देतोस ए मायनर. त्यात सीचे दोन सूर आहेत म्हणून चुकल्यासारखं वाटत नाही, पण घरी पोचलो आणि आत दिवाच लागलेला नाही असं काहीतरी होतं. मग एफ, त्यात सा आहेच, तिथून मऊपणे पुन्हा सी. दार कुठेच धाडकन बंद होत नाही, म्हणून हा लूप चार मिनिटं फिरला तरी थांबवावासा वाटत नाही. एवढं काम हे चार कॉर्ड गुपचूप करतात आणि आपण त्यांना "तेच ते" म्हणून नाक मुरडतो.

आणि हे काही आजकालच्या पोरांचं खूळ नाही. योहान पाखेलबेल नावाचा जर्मन संगीतकार, वारला १७०६ साली, त्याचा तो प्रसिद्ध कॅनन ऐकला असशील, तीन व्हायोलिन आणि खाली बेस. तो डीमध्ये आहे पण सीमध्ये आणून वाजवलास तर सी, जी, ए मायनर, ई मायनर, एफ, सी, एफ, जी असा जातो. पहिले तीन तुझेच कॉर्ड, तुझ्याच क्रमाने! आणि खालचा बेस तेच आठ सूर किती वेळा फिरवतो? २८ वेळा. अठ्ठावीस! तरी कंटाळा येत नाही, कारण वर व्हायोलिन दर फेरीला वेगळं काहीतरी बोलत असतात. हे "वर वेगळं बोलणं" लक्षात ठेव, मला खरं त्यावरच बोलायचंय.

त्याआधी चोरीचं एकदाचं मिटवू. ब्रिटिश गायक एड शीरनवर अमेरिकेत खटला झाला होता, त्याचं २०१४ चं थिंकिंग आउट लाउड हे मार्विन गेच्या १९७३ च्या लेट्स गेट इट ऑनवरून उचललंय असं म्हणून, दावा लावला होता त्या जुन्या गाण्याचे सहलेखक एड टाउनसेंड यांच्या वारसांनी. कॉर्ड खरंच खूप जवळचे आहेत, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. शीरनने साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन वाजवून दाखवलं, आणि मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने सांगितलं की चोरी नाही. त्याच गाण्यावरचा दुसरा एक दावा होता, तो २०२४ मध्ये अपील कोर्टातही टिकला नाही, म्हणजे इतकी सर्रास वापरातली कॉर्डची ओळ एकट्या कोणाच्या मालकीची होत नाही हे बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. त्यामुळे मित्राला सांग बाबा, कॉर्ड सगळ्यांचे असतात, भांडायचं तर चालीवरून भांड.

आणि नेमकं तिथेच तो अर्धा बरोबर आहे.

तू चाल लिहून पाठवलीस हे फार बरं केलंस, नाहीतर मीही कॉर्डवरच लेक्चर देत बसले असते. आता तुझीच ओळ पुन्हा बघ. सीवर सा सा ग सा. जीवर प प नी प. ए मायनरवर ध ध सा ध. एफवर म म ध म. दिसतंय का काही? कॉर्डचा पहिला सूर दोनदा, मग त्याच कॉर्डचा दुसरा सूर, मग परत पहिला, हा एकच ठसा तू चार जागी उमटवलायस. कॉर्ड हलला की चाल हलते, कॉर्ड थांबला की चाल थांबते, लहान पोर गर्दीत आईचं बोट धरून चालतं ना तशी तुझी चाल कॉर्डचं बोट धरून चाललीये. मग ऐकणाऱ्याला गाणं ऐकूच येत नाही, फक्त कॉर्ड ऐकू येतात, आणि ते तर त्याने शंभर गाण्यांत ऐकलेले असतात. मित्र हसला ते यामुळे. कॉर्ड सगळ्यांचेच असतात रे, पण बाकीच्यांच्या गाण्यात ते मागे उभे असतात, तुझ्या गाण्यात पुढे येऊन बसलेत.

पहिल्या पहिल्या गाण्यात हे सगळ्यांचं होतं, कारण आपण गिटार घेऊन बसतो, कॉर्ड वाजवतो आणि त्यावर काहीतरी गुणगुणतो, मग तोंडातून तेच सूर निघतात जे हात वाजवतोय. एकदा गिटार खाली ठेवून चाल कर, भांडी घासताना, चालताना, कुठेही, मग त्याला कॉर्ड लाव. उलट्या बाजूने गेलास की फरक पडतो.

पण आत्ता लगेच करून बघण्यासारखं एक सांगते, आणि त्यात तुझा एफचा त्रासही सुटतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

गिटारची पहिली तार, सगळ्यात बारीक, तिला हातच लावायचा नाही. मोकळी सोड. मोकळी वाजली की ती ई वाजते, म्हणजे तुझा ग. आता सी नेहमीसारखा धर, त्यात पहिली तार मोकळीच असते. जी धरताना फक्त दोन बोटं, सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट आणि पाचव्या तारेवर दुसरा, बाकी चारही तारा मोकळ्या. ए मायनर नेहमीचा, त्यातही पहिली मोकळी असते. आणि एफसाठी तो आडवा बॅरे, एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा, विसर, चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर दुसरा, दुसऱ्या तारेवर पहिला, पहिली मोकळी, वरच्या दोन जाड तारा वाजवायच्याच नाहीत. बोट दुखणार नाही, तारा बंद पडणार नाहीत.

आता चारही कॉर्ड सावकाश वाजव आणि कान फक्त पहिल्या तारेवर ठेव. ती चारही कॉर्डमध्ये तोच ग वाजवतेय, हलत नाहीये, पण प्रत्येक वेळी वेगळी वाटतेय की नाही? सीवर तो ग घरचा आहे, निवांत. जीवर परका पाहुणा, जीच्या प नी रेमध्ये त्याचं नाव नाही, त्यामुळे जरा अवघडून उभा असल्यासारखा, पण वाईट नाही वाटत. ए मायनरवर पुन्हा आपला, पण आता उदास. आणि एफवर, थांब, एफवर दोनदा वाजव, तिथे खाली म वाजतोय आणि वर ग, हे दोघे शेजारी-शेजारी, अर्ध्या पायरीचं अंतर, पण मध्ये जवळजवळ अख्खं सप्तक टाकून बसलेत. त्यातून जो गोड सल येतो ना, तो एफ मेजर सेव्हन. तुला जो बॅरे जमत नाहीये त्याच्यापेक्षा हा या गाण्यात बरा वाजेल असं माझं मत आहे. (बॅरे एफ शिकायचाच आहे, सुटका नाही, पण रोज पाच मिनिटं, आणि पहिल्या फ्रेटऐवजी पाचव्या फ्रेटला आधी आकार बसव, तिथे जोर कमी लागतो. आणि तिथूनही त्रास असेल तर तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच आहेत का ते कोणा जाणकाराला बघायला सांग, बऱ्याचदा दोष बोटात नसतोच.)

तर सांगायचं काय, की सूर तोच ठेवला आणि खालचा कॉर्ड बदलला तरी अर्थ बदलतो. चाल कॉर्डबरोबर पळवायची गरजच नाही. तुझ्या ओळीचं उदाहरण म्हणून असं काहीतरी गाऊन बघ: पहिली मात्रा मोकळी सोडून सीवर "ग ग रे", तो रे तसाच लांबवत जीवर न्यायचा, तिथे तो जीचाच सूर होतो, पण तू तो आधीपासून गात होतास, कॉर्ड तुझ्याकडे चालत आला. मग ए मायनरवर अजून क्षणभर रे धरून सावर उतरायचं. रे तिथला नाही, त्यामुळे उतरताना हलकं ओझं उतरल्यासारखं होतं. आणि एफवर गप्प. काही गायचंच नाही, पहिली तार वाजू दे. फक्त तीन सूर लागले, सा रे ग, तुझ्या आधीच्या चालीत सहा होते. ही चाल तुला देत नाहीये हां, तुझी तू कर, फक्त बोट सोडलं की काय होतं ते दाखवलं.

तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट, मुखड्याला आणि अंतऱ्याला तेच चार कॉर्ड आणि प्रत्येकाला बरोबर चारच मात्रा. हे बदलायला नवीन कॉर्ड लागत नाही, शहाणपणा लागतो. अंतरा एफवरून सुरू कर आणि सी अंतऱ्यात येऊच देऊ नकोस. एफवर आठ मात्रा, ए मायनरवर आठ, परत एफवर आठ, जीवर आठ, आणि जीवर अगदी असह्य होईपर्यंत थांबून मुखड्याच्या पहिल्या अक्षराला सी. घर लपवून ठेवलं की घराची किंमत कळते. तेच चार पत्ते आहेत, पिसलेत फक्त.

वेगळी प्रोग्रेशन कुठून आणू विचारलंस, तर बाबा आणायची कुठून, इथेच पडल्यात. फक्त अक्षरांनी लक्षात ठेवू नकोस, आकड्यांनी ठेव. सा चा कॉर्ड एक, रे चा दोन, असं सातपर्यंत. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे स्टुडिओतले वादक १९५० च्या दशकाच्या शेवटापासून असंच लिहितात, कारण गायक ऐनवेळी म्हणतो की आज घसा बसलाय, दोन पट्ट्या खाली घ्या, आणि अक्षरांत लिहिलेला कागद तिथेच बाद होतो, आकड्यांचा होत नाही. तुझी ती एक पाच सहा चार. पट्टी पांढरी पाच घेतलीस तर हीच जी, डी, ई मायनर, सी होते, आणि कॅपो, तो मानेवर लावायचा चिमटा, दुसऱ्या फ्रेटला लावलास की त्याच आकारांनी पांढरी सहा, म्हणजे ए. कॅपोला लोक उगाच हसतात, लक्ष देऊ नकोस.

हीच चौकडी सहापासून सुरू केलीस, सहा चार एक पाच, ए मायनर, एफ, सी, जी, तर गाणं एकदम गंभीर होतं, भव्य बिव्य वाटायला लागतं. एक सहा चार पाच लावलीस तर अमेरिकेतल्या १९५० च्या दशकातल्या त्या कोरसवाल्या प्रेमगीतांचा वास येतो. ब्लूजमध्ये तर फक्त एक, चार, पाच, पण बारा बारमध्ये (एक बार म्हणजे चार मात्रा) ठरलेल्या जागी: चार बार एकवर, दोन चारवर, दोन परत एकवर, मग पाच, चार आणि शेवटचे दोन एकवर. जॅझवाल्यांची जान दोन पाच एकमध्ये असते. आणि मायनरमध्ये ए मायनर, जी, एफ, ई मेजर अशी पायऱ्या उतरणारी एक आहे, स्पेनच्या फ्लॅमेंको संगीतात ती जागोजागी भेटते, दोनदा वाजवलीस की आपोआप मान ताठ होते. यातली प्रत्येक आठवडाभर वाजव, पाठ करून संपवू नकोस. आठवडाभरात ती बाहेरच्या गाण्यांत ओळखू यायला लागेल, मग इंटरनेटवरच्या कॉर्डच्या कागदांची गरज कमी होईल, त्यातले कित्येक चुकीचे असतात हेही तेव्हाच कळेल. ओळखायचं कसं तर आधी बेस गुणगुणायचा, वरचं सगळं सोडून सगळ्यात जाड आवाज कुठे जातोय तेवढंच, मग त्या सुरावर मेजर की मायनर हे दोनदा वाजवून बघायचं, सहापैकी एकच असतो बहुतेक वेळा. बेस फसवतो कधीकधी, कॉर्ड सी पण खाली ग, असंही असतं, पण ते पुढचं.

आता तुझ्या अकरा कॉर्डांबद्दल. मला त्यातलं दुःख कळतं कारण मीही केलंय हे, एका कार्यक्रमासाठी गाणं केलं होतं आणि मला दाखवायचं होतं की मला किती येतं, तर दर दोन मात्रांना नवीन कॉर्ड, रियाझ करून करून बोटं सोलवटली. गायिका दोनदा गाऊन थांबली आणि म्हणाली, छान आहे गं, पण मी श्वास कुठे घेऊ? त्या रात्री सात कॉर्ड काढले. कोणाला कळलंसुद्धा नाही की काही काढलंय, मला तेच जास्त लागलं.

पण बाहेरचा कॉर्ड आणूच नये असं मी म्हणत नाहीये. आणायचा तर एक आण, आणि तो कुठल्या सुरासाठी आणतोयस हे माहीत असू दे. तुझ्या त्या ई मेजरचंच बघ. ई मायनर म्हणजे ग प नी, तो मेजर केला की मधला प चढून कोमल ध होतो. हा सूर तुझ्या सात सुरांत नाही, म्हणून तो आला की कान टवकारतात, आणि त्याला वर धकडे जायचंय. आता दुसरीकडून बघ, एफ म ध सा, तो मायनर केला की ध उतरून तोच कोमल ध होतो, पण आता त्याला खाली पकडे जायचंय. पेटीवर एकच काळी पट्टी आहे ती, पांढऱ्या पाच आणि सहाच्या मधली, एका कॉर्डमध्ये ती वर ओढते आणि दुसऱ्यात खाली. सी, ई मेजर, एफ, एफ मायनर असं वाजव आणि फक्त हा आतला सूर गा: प, कोमल ध, ध, परत कोमल ध, आणि पुन्हा सी आला की प. चढून उतरलास. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं १९९२ चं क्रीप अख्खं याच चार कॉर्डांवर आहे, त्यांनी ते जीवरून घेतलंय, जी, बी, सी, सी मायनर. आणि बघ, हे गाणं आधीच्या द एअर दॅट आय ब्रीद या गाण्याच्या इतकं जवळ गेलं की त्याचे लेखक अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांची नावं क्रीपच्या श्रेयात घालावी लागली, कारण तिथे ही कमी वापरातली कॉर्डची ओळ तर होतीच पण वरच्या चालीतही साम्य निघालं. म्हणजे तुझ्या मित्राच्या काळजीला जागा आहे ती इथे, कॉर्ड आणि चाल दोन्ही एकाच जुन्या गाण्याच्या मागे मागे जायला लागले की. तुझ्या गाण्याचं तसं काही नाहीये, तुझी चाल कोणाच्याच मागे गेली नाहीये, ती कॉर्डच्या मागे गेलीये.

थिअरीचं विचारलंस ना. एवढं जे वर लिहिलंय ते जर तू गिटार हातात घेऊन वाचलंस तर सध्या पुरे आहे. पुढे वाटलं तर शीक, पण गाणं करायला परवानगीपत्र लागत नाही.

मित्राला परत ऐकवशील तेव्हा काही सांगू नकोस, कॉर्ड तेच चार ठेव आणि नवीन चाल गा, हसतो का बघ. आणि ते अकरा कॉर्डवालं रेकॉर्डिंग डिलीट करू नकोस, त्यातला ई मेजर कुठे ठेवला होतास ते शोध. जीनंतर लगेच आणि ए मायनरच्या आधी असेल तर तो तिथेच राहू दे, पण प्रत्येक वेळी नको, शेवटच्या मुखड्याला एकदाच, आणि बाकीचे सहा काढ.

– ताई